हरलो म्हणतो मी

रविवारी पहाटे सहाला
दांडिया बाजारात दूधवाला सोडला
तर जागा मी एकटाच,
आणि तिकडचे साठ हजार.

ऋजुता तिथे शिकायला गेली, म्हणून हा संघ माझा.
दुसरं कारण नाही.
पहिल्या वर्षी मला चेंडूच सापडायचा नाही;
ढिगाऱ्याखाली कुणीतरी असतं, एवढं कळायचं.
आता चौथ्या डाउनला, दोन यार्ड हवे असताना,
तो भित्रा कोच पंट मारायला लावतो
आणि मी मूठ उशीवर आपटतो.
सुधा झोपलेली असते.

यंदा बारापैकी अकरा हरलो.
शेजारचे कनुभाई विचारतात, कोण, बडोदा?
रणजी नाही हो, म्हणतो,
आणि सेव-उसळीत लिंबू पिळत बसतो.

एक जिंकलो. शेवटचे सात सेकंद उरले असताना.
लगेच तिला फोन लावला. कपडे धूत होती.
"कोण जिंकलं? अच्छा, ते.
बाबा, मी स्टेडियममध्ये कधी गेलेच नाही."

पडद्यावर ती बाई रडत होती,
गालावरचा पिवळा रंग हनुवटीपर्यंत आलेला.
तिला मी ओळखतो.
हरायला लागलो की टोपी उलटी घालते.

आता ऑगस्टपर्यंत
आम्हा दोघांना काही काम नाही.