कळविण्यात येते की

बावीस वर्षं पतपेढीच्या सगळ्या नोटिसा मीच लिहिल्या.
शिपाई म्हणून लागलो होतो, अक्षरानं कारकून केलं.
माहीमचा कापड बाजार, पहिला मजला, खाली चष्म्याचं दुकान.
काळा फळा, ओला खडू
(ओल्या खडूचं अक्षर वाळल्यावर उजळतं,
हे ठाऊक असणारे आता थोडेच),
'सर्व सभासदांस कळविण्यात येते की'.
कोण कळवतं, हे बावीस वर्षांत
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग त्या सोमवारी मोबाइलवर फिरलं :
पेढी बुडाली. शिवडीच्या बिल्डरला साडेचार कोटी, तारण नुसतं कागदावर.
साडेदहाला जिना भरला.
पिशव्यांतून पासबुकं, पासबुकांना प्लास्टिकची कव्हरं,
कव्हरांत देवांचे फोटो.
मथुरा तांडेल सुकटाची पाटी बाजारात तशीच टाकून आली होती,
तिचे दोन लाख, नवऱ्याच्या बोटीच्या विम्याचे.

आतल्या खोलीत अंधेरीहून सल्लागार आणलेला.
चहा नको म्हणाला.
म्हणाला, पहिले अठ्ठेचाळीस तास महत्त्वाचे.
म्हणाला, 'चूक' हा शब्द टाळा,
'काही बाबी निदर्शनास आल्या' चालेल.
म्हणाला, वाक्य असं ठेवा की कुणी केलं ते दिसू नये.
मला हसू आलं. ही विद्या
आमच्या फळ्यावर रोज फुकट होती.

मी लिहिलं : 'तांत्रिक कारणास्तव व्यवहार काही काळ
स्थगित ठेवण्यात येत आहेत.'
वेलांट्या सुबक. संचालक म्हणाले, वा.

अध्यक्ष कुमुदिनी चुरी तोवर गप्प होत्या.
म्युनिसिपालिटीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त;
सहीपुरत्या अध्यक्ष, असं आम्ही मागे म्हणायचो.
त्यांनी नोटीस उचलली, पालथी केली,
माझंच पेन मागितलं.
अक्षर वाईट. ओळी चढावर गेलेल्या.

'कर्जाच्या कागदावर सही माझी आहे.
मी तो कागद वाचला नव्हता.
पैसे किती परत मिळतील, मला आज माहीत नाही.
दर गुरुवारी चार वाजता मी या जिन्यावर येईन
आणि जे कळलं असेल ते सांगेन.'

मॅडम, उद्या कोर्टात हाच कागद तुमच्याविरुद्ध उभा राहील.
राहू दे, त्या म्हणाल्या. कुणीतरी उभं राहायला हवं.

मथुरेनं तो अक्षर लावून लावून वाचला.
'म्हंजे तू खाल्लंस पैसं?'
'नाही. खाणाऱ्यावर लक्ष ठेवणं माझं काम होतं. ते केलं नाही.'
तिनं एक शिवी दिली, कोळीवाड्यातली, अख्खी.
बाईंनी ती ऐकली
हजेरी घेताना ऐकतात तशी.

पहिल्या गुरुवारी शंभर माणसं आणि एक चप्पल.
पाचव्या गुरुवारी त्या म्हणाल्या,
आज सांगण्यासारखं काही नाही,
आणि तरी साडेचारपर्यंत थांबल्या.
अकराव्याला तिघंच. त्यातला एक चष्मा न्यायला आलेला.
आतापर्यंत रुपयाला एकतीस पैसे परत गेलेत.
पत वगैरे कुठे आली नाही. दारावरची पाटी मात्र
अजून कुणी फोडलेली नाही.

ठरावांचं पुस्तक माझ्या कपाटात असतं.
त्या कर्जाच्या पानावर लिहिलंय :
'सविस्तर चर्चेअंती मंजूर करण्यात आले.'
चर्चा झाली नव्हती. वडे आले होते.
अक्षर माझं. सुवाच्य.

गुरुवारी चारला मी बाईंसाठी खुर्ची बाहेर काढतो.
त्या बसत नाहीत.
मी मागे उभा असतो, वरच्या पायरीवर,
खुर्चीची पाठ धरून.