बिनशिक्क्याची वजने

मोहटोलीचा बाजार मंगळवारचा.
गाडी चिंचेखाली लावून मी निघालो तराजू बघत,
वजनमापे निरीक्षक,
पिशवीत प्रमाण वजने, पावतीबुक, पंच आणि हातोडी.

मिरचीवाल्याचा काटा ठीक. गुळाचा ठीक.
तेलाच्या मापाला तळातून पोचा, दंड.
मग मासळीची ओळ.
ओल्या गोणपाटावर पुनाबाई वलथरे,
पुढ्यात वैनगंगेचे झिंगे, अजून उड्या मारणारे,
मांडीवर दात येणारा नातू.

तिच्या पारड्यात वजन नव्हते,
फडक्याची पुरचुंडी होती.
"पाव किलो होये साहेब. सासूच्या सासूपासून."

गाठ सोडली.
आत पैसे.

चालणारे नव्हेत.
ढब्बू दोन, भोसल्यांच्या वेळचे,
अडकित्त्यात धरून सोडल्यासारख्या फुटक्या कडांचे.
एकावर फारसी अक्षरे,
पण ठसा मोठा, तांबे लहान,
सुलतानाचे अर्धे नाव नाण्यावर मावले,
अर्धे टांकसाळीत ऐरणीवरच राहिले असेल.
बाकी सगळे हत्ती.
चिंचोक्याएवढे, करडे, सोंड वर केलेले,
मागे एक फुली, फुलीच्या चार टोकांना चार गोळे,
आणि कडेने कुणा सातवाहनाचे नाव
झिजत झिजत नुसते 'रञो' उरलेले.
कोणत्या राजाचे, ते गेले.

"पांढरीच्या मातीत निंगतेत," ती म्हणाली,
"पोट्टे येचतेत."

मी प्रमाण वजन लावले.
सात ग्रॅम कमी.
नवा असताना हा ढीग किती भरला असता कोण जाणे.
किती बोटे फिरली यांच्यावरून,
मीठ घेताना, नाव ओलांडताना,
आणि प्रत्येकाने नेला नखाखाली
थोडा थोडा हत्ती.

"मालूम हाये," पुनाबाई म्हणाली.
"म्हून दोन झिंगे वरून टाकतो मी."

कायदा स्पष्ट आहे.
शिक्का नसलेले वजन जप्त.
यांच्यावर तर शिक्क्यांशिवाय काहीच नव्हते.

नागपूरच्या अजबबंगल्यात एकदा पाहिले होते
याहून जुने: चांदीच्या पत्र्याचे वाकडे तुकडे,
बत्तीस गुंजांचे म्हणे.
पुढून सूर्य, टेकडी, बैल, राजाचा कारभार.
मागून मात्र बारीक बारीक खुणा, दाटीवाटीने,
पाटीवाल्या बाईंनी सांगितले, सराफांच्या.
ज्याच्या हाती आले त्याने तोलले,
आपला पंच उचलला,
एक टोला:
पाहिले, ठीक आहे, जाऊ द्या पुढे.
बत्तीस वर्षे मी हेच करतो.
दर तपासणीला लोखंडावर एक अक्षर.
त्याचाही बाजार ठरलेला असेल,
भाकरी फडक्यात, कान हातोडीने बधिरलेले.
राजांची नावे लोकांनी शोधून काढली.
त्याचे कुणी शोधणार नाही.

पावतीत रकाना आहे: 'वजन बनवणाऱ्याचे नाव'.
तिथे पेन थांबले.
पुनाबाईने तेवढ्यात माझे दोनशेचे वजन उचलले,
अंगठा फिरवला, उलटे केले.
"याच्यावर हत्ती नाई?"
नाही.
"मंग राजा कोन याचा?"
शासन.
"तोंड कसं हाये त्याचं?"

मी नातवाकडे पाहत होतो.
त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा जाड तुकडा,
गधैया.
कधीकाळी इराणातल्या एका राजाचा चेहरा होता त्यावर,
मग नकलेची नक्कल, नकलेची नक्कल,
शेवटच्या कारागिराला ठाऊकच नव्हते की हा माणूस आहे,
त्याने इमानाने कोरली
एक रेघ, चार ठिपके.

पोराने ते तोंडात घेतले,
एका बाजूने, डोळे बारीक करून,
जुन्या सराफासारखे,
आणि खालच्या एकुलत्या एका दाताने
चावून पाहिले.

पुनाबाई झिंगे तोलत होती.
मी पावतीबुक मिटले नव्हते.
वरून दोन टाकले.