उपसर्ग

दहा वर्षांपूर्वी घेतला तो सगळ्यात स्वस्त प्लॅन.
त्यात डेटाबेस मिळायचा एकच.
राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस,
एक टेबल, कुरकुरणारा पंखा, सहा गिऱ्हाइकं.
सहा दुकानं एका खोलीत राहायची कशी?
तक्त्यांच्या नावाआधी खूण लावायची, मग आडवी रेघ:
गूळ_माल, गूळ_दर,
चटणी_माल, चटणी_दर.
खोली एक, पण कुणाचा हात कुणाच्या डब्यात जात नाही.

आठवीत कुंभोजकर बाई सांगायच्या,
हार तोच असतो, पोरींनो.
आ लावा, पोट भरतं.
प्र लावा, मार बसतो.
सं लावा, मग सांगायला कुणी उरत नाही.

मी एकदाच चुकले.
भर गुरुवारी कसबा बावड्याची कांदा-लसूण चटणी
बेचाळीस रुपये किलोनं गेली
आणि मार्केट यार्डातल्या गुळापुढं आलं: तिखट, मध्यम.
चौगुले फोनवर खोकेपर्यंत हसले.
"पोरी, गुळाला तिखट म्हणणारी तूच पहिली."
चटणीवाल्या बायका हसल्या नाहीत.
त्यांचा तोटा मी तीन हप्त्यांत फेडला.

सहावे होते मगदूम बंधू, उद्यमनगर,
पंपाचे सुटे भाग.
आई गेली, त्यानंतरच्या दिवाळीत
शेडमध्ये विटांची भिंत आली, गिलाव्याशिवाय.
लेथ आनंदाकडे. ड्रिल सर्जेरावकडे.
मग दोघं दोन वेगळ्या दिवशी जिना चढून आले
आणि एकच वाक्य बोलले:
"माझं येगळं कर."

केलं. थोरल्याला थो_, धाकट्याला धा_.
माल फुटला, दर फुटले, बिलं फुटली.
राहिला फक्त माणसांचा तक्ता,
आत कोण येऊ शकतं, कुठल्या पासवर्डनं.
तो फोडायचे तीन हजार सांगितले.
आनंदा म्हणाला, "त्यानं द्यावं की."
सर्जेराव म्हणाला, "थोरला कोण हाय?"
तक्ता तसाच राहिला, बिनउपसर्गाचा.
ओळ पहिली, आनंदा.
ओळ दुसरी, सर्जेराव.
कुलपं दोन, आणि किल्ल्या एकाच खुंटीला.

फेब्रुवारीत आनंदाला सीपीआरमध्ये नेलं, छातीचं.
मला खालच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, तेही चार दिवसांनी.
"काही दिवस बंद" अशी पाटी लावायला आत गेले,
तर थोरल्याकडं काहीच तुंबलेलं नाही.
जयसिंगपूरचे बारा बुश, रवाना.
निपाणीचा शाफ्ट, रवाना.
गडहिंग्लजच्या कुणी विचारलेलं, भाव थोडा कमी होईल का?
खाली उत्तर: दादाला विचारून सांगतो.
पैसे सगळे थोरल्याच्या खात्यात, रुपयासकट बरोबर.
वेळ, रात्री एक वाजून दहा. पुन्हा पावणेदोन.
वापरकर्ता: २.

पाटी न लावताच बाहेर आले.
बुश लेथवर होतात,
आणि लेथ भिंतीपलीकडं.
ती किल्ली कुठल्या खुंटीला होती, ते माझ्या तक्त्यात नाही.

चैत्रात आनंदा आला.
दर चार पायऱ्यांवर थांबत, शेवटी पंख्याखाली बसला.
पाणी प्याला. पडद्याकडं बोट केलं.
"हे समदं कुणी चालवलं गं? तू?"
मी म्हटलं, "सिस्टिमच तशी आहे, काका."
तो बराच वेळ त्या दोनच्या आकड्याकडं बघत राहिला.
चष्मा काढला, शर्टाला पुसला, घातला.

"ते माणसांचं काय म्हणत हुतीस तवा? तीन हजार?"
"आता पाच झालेत."
"पाच!"
उठला, कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरला,
तिथूनच, वर न बघता:
"मग ऱ्हाऊ दे तसंच.
लय महाग हाय."