इतर खर्च

आमचा रस्ता चार किलोमीटर दोनशे मीटर.
सरकारी नकाशात केसाएवढा,
आणि सरकार म्हणतं, तुमचा तुम्ही सांभाळा.
म्हणून सात घरांचा एक संघ, एक वही,
आणि खजिनदार मी,
कारण त्या वर्षी बैठकीला मीच उशिरा पोचले.

हिशेब सोपा:
जो जितका आत राहतो, त्याला तितका रस्ता लागतो,
तितके पैसे जास्त.
तोंडाशी राहणारी ऑलिक्की तीनशे मीटरचे देते
आणि दर वर्षी कुरकुरते.
पार शेवटी, तळ्याकाठी, उर्पो.
त्याच्याकडे गाडी नव्हती.
उन्हाळ्यात सायकल, हिवाळ्यात घसरगाडी,
तीही पत्रपेटीपर्यंतच.
कॉफीचा तिसरा कप संपला की म्हणायचा,
"खड्डे लाकडाच्या ट्रकांचे, बिल माझ्या सायकलचं,"
आणि मोजून आणलेल्या नोटा टेबलावर ठेवायचा,
चिल्लरीसकट.

एप्रिलात रस्ता वरून विरघळतो,
खाली बर्फ तसाच, पाण्याला जायला वाट नाही.
चिखल बूट धरून ठेवतो
जुनं देणं वसूल करायला बसल्यासारखा.
तशा एप्रिलात उर्पो गेला.
शववाहिनीचा ड्रायव्हर फोनवर म्हणाला, येता येईल का?
मी म्हणाले, उद्या विचारा.

रात्री दोनपर्यंत कोणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता.
सकाळी दुसऱ्या मोरीपासून पुढे
नवी खडी, फावड्यानं थोपटलेली.
वहीत तिची नोंद नाही.
फक्त सुलोच्या तळहाताला पट्टी होती,
आणि सुलो उर्पोशी अकरा वर्षं बोलत नव्हता,
त्याच मोरीवरून.

जूनमध्ये हेलसिंकीहून पुतण्याचं पत्र आलं.
घर बंद ठेवतोय, विकत नाही, येणं जमणार नाही.
मग ठराव: शेवटचे नऊशे मीटर सोडून द्यावेत,
ग्रेडरनं बर्चच्या फाट्यावरूनच वळावं.
तीनशे चाळीस युरो वाचतील.
सगळ्यांनी हात वर केले. मीही.
वहीत "एकमताने" लिहिलं. पेन नीट चाललं.

ऑगस्टमध्ये बिलात चाळीस मिनिटं जादा.
मी फोन केला, "वळलास कुठं?"
"तळ्यापाशी. दुसरीकडे जागा कुठंय वळायला?"
फाट्यावर ट्रक वळतात, हे मला माहीत आहे.
त्यालाही.
"ठराव झालाय," मी म्हणाले.
पलीकडे नुसतं इंजिन ऐकू येत राहिलं.

"इतर खर्च" असा एक रकाना आहे वहीत.
त्यात आजवर कॉफी लिहायचे.

सप्टेंबरात ऑलिक्की भेटली, तळ्याकडून येताना,
हातात रानबेरींची बादली.
तीनशे मीटरचे पैसे देणारी बाई,
चार किलोमीटर आत.
मी बादलीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.
"रस्ता बरा आहे," ती म्हणाली,
कुरकुरल्यासारखंच.