नावाआधी टिंब

हेल्दुर निवृत्त झाला, सारेमा बेटावर मधमाश्या पाळतो.
दुपारी फोन उचलत नाही, संध्याकाळी विसरतो.
इथे तार्तूत त्याची स्क्रिप्ट
त्याच्या खात्यातून चालते, माझ्या खात्यातून नाही.
तीच फाइल, तेच मशीन,
त्याच दलदलीच्या तेवीस वर्षांच्या पाणीपातळ्या,
आणि मला उत्तर: असं मॉड्यूल सापडलं नाही.

सिस्टिमच्या फोल्डरात शोधलं.
तिथे सगळ्यांचं सामान, धर्मशाळेतल्या भांड्यांसारखं.
लेम्बित कुणालाच तिथे स्वतःचं काही ठेवू देत नाही.
मग हेल्दुरने ठेवलं कुठे?

शेवटी त्याच्याच खात्यात शिरून पायथनला विचारलं:
बाबा रे, या माणसाचं स्वतःचं कुठे असतं?
एक ओळ आली.
त्याचं घर, मग लोकल, पण लोकलच्या आधी टिंब.

अक्षराच्या डोक्यावर टिंब दिलं की नाकातून आवाज निघतो,
नावाच्या आधी दिलं की आवाजच जातो.
नुसती यादी मागा, हा फोल्डर हूं की चूं करत नाही.
आत तीन-सहाची जुनी खोली, कुणी न झाडलेली,
शेजारी तीन-आठची, वापरातली.

पिप लिस्ट, दोन डॅश, यूजर.
एकोणीस नावं.
भरती-ओहोटीचं गणित (इथल्या समुद्राला भरती कसली!)
चंद्रोदय.
शब्दकोडी, ज्यांबद्दल तो कधी बोलला नाही.
आलेख रंगवणारी तीन, त्यातल्या दोघांचं आपसात पटत नाही.
आणि तळाशी वाइकुस, शून्य पॉइंट एक.
वाइकुस म्हणजे शांतता.
हे कुठून उतरवलेलं नव्हतं.

उघडलं. जेमतेम चाळीस ओळी.
माणूस विहिरीपाशी उभा राहिला
की त्याच्या वजनाने शेवाळाची जमीन दबते,
पाणी दोन मिलिमीटर वर येतं.
तो जितका वेळ उभा होता
तितका वेळ हे पुसून टाकतं.
खाली तारखा. रविवार. नाताळचा दुसरा दिवस.
एका जूनमध्ये सलग नऊ रात्री.
तेवीस वर्षांचा आलेख, निवळशंख,
त्यात तो कुठेच नाही.

मी ते माझ्या घरी आणलं, टिंबामागे ठेवलं.
माझी यादी: एक नाव.

परवा मीही गेले होते, फळ्यांवरून, तिसऱ्या विहिरीपाशी.
बुटात पाणी शिरलं म्हणून जरा जास्तच थांबले.
त्याच्या शेवटच्या तारखेखाली माझी लिहिली,
साडेअकरा ते बारा.
स्क्रिप्ट चालली.
पाणी होतं तिथेच होतं.