घड्याळातला सेल

वेळगे गावातली शाळा. सातवीचा वर्ग.
बाक भिंतीला सारले, लाल जमिनीवर पांढरे तक्ते अंथरले,
आणि वायरमन रोहिदासाने दिलेली काळी टेप
मी गुडघ्यांवर बसून चिकटवली:
सरळ, मग एक वळण, मग पुन्हा सरळ. तीन मीटर.
नेमकं सांगायचं तर तीन मीटर आणि बोटभर.
बोटभर मी सोडून दिलं.

गाडी तळहाताएवढी. पोटाखाली दोन डोळे.
काळ्याची कड सुटली की वळायचं, एवढंच तिला कळतं.
डावी-उजवी डुलत जाते म्हणून
मुलांनी नाव ठेवलं कुर्ली.

सेकंदकाटा बघायचं काम आग्नेलकडे.
पहिली फेरी वीस सेकंद. सेकंदाला पंधरा सेंटिमीटर.
दुसऱ्या फेरीत काचेच्या कौलातलं ऊन टेपवर उतरलं
आणि कुर्ली उन्हातच गरगर फिरू लागली.
सुकांतीने छत्री उघडून धरली.
"टीचर, सावलीला किती मार्क?"
पुन्हा सोडली. चोवीस सेकंद.
तीच वाट, तीच गाडी, मग चार सेकंद कुठे गेले?
"सेल उतरले," मागून कुणीतरी म्हणालं.

तिसऱ्या फेरीत नव्वद सेंटिमीटर उरले असताना
ती थांबली.
आग्नेलला कुणी थांब म्हटलं नव्हतं.
तो मोजतच राहिला, बत्तीस, तेहेतीस, चौतीस.

उल्का गावस म्हणाली, आमच्या टिपरासारखी.
खाण ते धक्का, दिवसाला आठ खेपा,
हे तिला पाढ्यासारखं पाठ आहे.
आता टिपरावर ताडपत्री. दर रविवारी पप्पा
ती काढून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात,
बॅटरी उतरू नये म्हणून.
"धूर येतो, आवाज येतो, कोंबड्या पळतात.
अंतर शून्य."
मग तिने स्वतःच फळ्यावर मांडलं,
शून्य भागिले दहा.
उत्तर बरोबर होतं.
खडू तिच्याकडून परत घ्यायचं मला सुचलं नाही.

तेवढ्यात आग्नेल बाकावर चढला
आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून आणला.
चारांतला कुठला मेलाय कळायला मार्ग नव्हता,
अंदाजाने एक बदलला.
कुर्लीने हिसका दिला आणि निघाली,
उरलेले नव्वद सेंटिमीटर, वळणानंतरचे,
न डुलता, जवळजवळ ऐटीत.
टाळ्या वाजल्या.
वेळ कुणी घेतली? कुणीच नाही.
काटा बारा वाजायला सात मिनिटांवर उभा होता.

शिपाई प्रेमानंद आमचं घड्याळ बघून घंटा देतो.
दोनदा दाराशी आला, वर बघितलं, परत गेला.
मधली सुट्टी त्या दिवशी केव्हा झाली देव जाणे.
वहीत अंतर लिहिलं, वेळेपुढे जागा सोडली.

सेल परत बसवून उल्का काटे पुढे सरकवत होती.
"किती गं पुढे नेतेस?"
"थांबलं होतं तेवढं, टीचर."
मी खालून टेप सोडवत होते.
एका जागी तक्त्याचा पापुद्रा तिच्याबरोबर निघून आला.