राख आणा, हाडं आणा

बाईंनी फळ्यावर यादी लिहिली:
चुलीतली राख. गंजके डबे. हाडं. वाळकं गवत.
आणि प्रत्येकी एक दगड,
उचलवेल तेवढा.

घरोघरी आया हसल्या.
शाळेनं आजवर फी मागितली, गणवेश मागितला,
उकिरडा कधी मागितला नव्हता.

मी या शाळेची स्वयंपाकीण.
एकशे बारा ताटल्या, एक काळं पातेलं,
मक्याचा घट्ट पापा, वर मीठ.
हिरवं म्हणाल तर
ताटलीच्या काठावर रंगवलेलं पान,
तेही घासून घासून माझ्याच हातानं पुसत आणलेलं.

दगडांची आम्हाला वाण नाही.
लेसोथोच्या या डोंगरात नांगर धरला
की आधी दगडच उगवतो.
पोरांनी ते पोटाशी धरून आणले,
धापा टाकत, चढावर दोनदा टेकवत.
सेबोलेलोनं आणला अंड्याएवढा,
आणि तो सगळ्यात वर हवा म्हणून अडून बसली.

गोल ओटा रचायचा, कमरेइतका,
एका बाजूनं खाच, मधोमध काड्यांची टोपली.
टेकडीवरून बघाल तर कुलपाचं भोक.
तिसरा थर चढला की सगळं ढासळे.
पुन्हा रचलं, पुन्हा ढासळलं.

रस्त्यापलीकडे घोंगडीत न्ताते खोआबाने बसलेले असत,
त्यांचं बसणं खोकल्यावरून कळायचं.
एका सकाळी काठी टेकत आले, म्हणाले, "तोंड बघा त्याचं."
कुणाचं?
"दगडाचं. दगडाला तोंड असतं."

सरहद्दीपलीकडे, सोन्याच्या खाणीत
सव्वीस वर्षं त्यांनी दगड फोडला.
एकावर एक ठेवला
तो इथं पहिल्यांदा.
तीन दगड, मग खोकला.
तीन दगड, मग खोकला.
पहिलीची पोरं तीनचा पाढा
अशीच शिकली.

मुखियाच्या घरचं लग्न आणि माफेकोकडचं मयत
एकाच महिन्यात झालं होतं;
दोन्ही बैलांची हाडं एका थरात गेली.
वरच्या वाडीतली मात्सेपो, जिच्याकडे
कुणाचं जाणं नाही, येणं नाही,
ती राख घेऊन आली, वाटीभर.
एकटीच्या चुलीची राख ती केवढी असणार.
बाईंनी ती वहीत लिहून घेतली,
आणि दुसऱ्या दिवशी मात्सेपो पुन्हा आली,
वाटी नाही, काही नाही,
नुसतीच.

माझं खरकटं पाणी टोपलीत जाऊ लागलं.
पालक आला, बीट आलं, गाजराची झिपरी आली.
आणि एका शनिवारी पोशोलीची मेंढरं आली.
सोमवारी उरले होते देठ.

पोशोली बारा वर्षांचा, दुसऱ्याची मेंढरं राखणारा,
शाळेचं दार त्यानं पाहिलेलं ते बाहेरून.
गाव तापलं. कुणी म्हणालं, मालकाकडून एक मेंढी घ्या,
कुणी म्हणालं, पोराला चोप द्या.
मुखियानं चिलीम झाडली
आणि निवाडा दिला:
पुन्हा पान धरेपर्यंत रोज सांजेला
पाणी यानं घालायचं.

तो घालत राहिला.
कुत्रं बाहेर बसवून, टोपी काढून, जसं चर्चमध्ये.
वाफ्यात खोचलेल्या पाट्या आधी बोटानं चाचपायचा,
मग ओठ हलवायचा.
त्याची बाराखडी बीटपासून सुरू झाली.

पान धरून आता महिने झाले.
शिक्षा संपली, हे त्याला कुणी सांगितलं नाही,
त्यानंही विचारलं नाही.

थंडी पडली तसे खोआबाने अंथरुणाला लागले.
खिडकीतून निरोप पाठवतात:
"उत्तरेकडचा, खालून दुसरा, हलतोय."
पोरं धावत येतात. हलवून बघतात.
खरंच हलत असतो.

आज बर्फ भुरभुरतंय.
बीटाचा पाला चिरून मी पातेल्यात टाकला,
बोटं लाल झाली.
ताटल्या अजून एकशे बाराच आहेत.
एकशे तेरावा
पातेल्याच्या झाकणात जेवतो.